एका नावासाठी इतके साहेब कशाला? सातबाऱ्याच्या नोंदीतून समजून घेऊ सरकारी उतरंड

२०२५च्या एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं उताऱ्यावरून कमी करायची आणि त्यांच्या वारसांची लावायची, एवढंच तिचं काम. पण त्यासाठी मोहीम काढावी लागली यातच सगळं आलं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, मागून वडीलही गेले, तरी सातबाऱ्यावर अजून आजोबाच शेती करताहेत, अशी घरं कुठल्याही गावात सापडतील. मग पीककर्ज अडतं, अतिवृष्टीची भरपाई अडते, भावाभावांतली वाटणी अडते.

चौकशीला गेलं की उत्तरं ठरलेली. तलाठी म्हणतो, ‘मी नोंद धरलीय, मंजुरी सर्कलकडं आहे.’ सर्कल म्हणतात, ‘हरकत आलीय, बघू.’ तहसीलला गेलं तर, ‘हे प्रांतांकडं अपिलात जाईल.’ तेवढ्यात चहाच्या टपरीवरचा एखादा जाणकार सल्ला देतो, ‘कशाला हेलपाटे घालताय, आमदारांचं पत्र घ्या आणि थेट कलेक्टरला भेटा.’

एक नाव लावायला इतकी माणसं का लागतात? त्यातला निर्णय नेमका कुणाचा? आणि सगळ्यात वरच्या साहेबाने ‘करून टाका’ म्हटलं की काम का होत नाही? हे तीन प्रश्न सुटले, तर फक्त महसूल खात्याचाच नाही, पोलीस, शिक्षण, वीज अशा कुठल्याही खात्याचा कारभार बराचसा उलगडतो. कारण साचा सगळीकडे जवळपास तोच आहे.

आधी पायऱ्या ओळखू

सगळ्यात खाली तलाठी. आता त्यांचं अधिकृत पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे, पण गावात अजून तलाठी किंवा भाऊसाहेबच. त्यांच्याकडे असतो तो सजा, म्हणजे एक किंवा काही गावं. काही सजांचं मिळून एक मंडळ होतं आणि त्यावर मंडळ अधिकारी. त्यांनाच आपण सर्कल म्हणतो. मग तालुक्याचे तहसीलदार. काही तालुके मिळून एक उपविभाग होतो. तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांना जुन्या सवयीने प्रांत म्हणतात. त्यावर जिल्हाधिकारी, त्यावर विभागीय आयुक्त आणि शेवटी मंत्रालयातला महसूल विभाग.

राज्यात ३६ जिल्हे आहेत आणि महसुली विभाग सहा. कोकण विभागात सात जिल्हे, छत्रपती संभाजीनगर विभागात आठ, नागपूरमध्ये सहा आणि पुणे, नाशिक, अमरावतीमध्ये प्रत्येकी पाच. हे आकडे सहज पडलेले नाहीत. एका माणसाला आपल्या हाताखालच्या किती जणांवर नीट लक्ष ठेवता येतं याला मर्यादा असते. ३६ जिल्हाधिकाऱ्यांचं काम मुंबईत बसून एकाच सचिवाने पाहायचं ठरवलं, तर तो फक्त बैठका घेत राहील. म्हणून मध्ये सहा आयुक्त. हाच हिशेब खाली तालुक्यापर्यंत उतरत जातो. उतरंडीला इतक्या पायऱ्या का, याचं अर्धं उत्तर या साध्या गणितात आहे. उरलेलं अर्धं माहितीत आहे.

खाली माहिती, वर आवाका

गावाकडचं मोठं लग्न डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर एका काकांकडे, मांडव दुसऱ्यांकडे, वऱ्हाडाची उतरायची सोय मामांकडे. भाजीत मीठ किती हे आचारी ठरवतो. तेल संपत आलं तर तो काकांना सांगतो. पण पाचशेऐवजी आठशे पानं उठणार असं दिसायला लागलं, तर काकाही स्वतःहून ठरवत नाहीत, नवरीच्या बापाकडे जातात, कारण पैसा त्याचा आणि अब्रूही त्याची. आता आचाऱ्याने मीठही नवरीच्या बापाला विचारून टाकायचं ठरवलं, तर भाजी करपेल आणि बाप कन्यादानाला बसू शकणार नाही. उलट आठशे पानांचा निर्णय आचाऱ्याने परस्पर घेतला, तर उद्याच्या उधारीला जबाबदार कोण?

सरकारचंही असंच आहे. अमुक गटात बांधावरची विहीर कुणाची, मयताला मुली किती, त्यातली कोण पुण्याला आणि कोण सुरतेला दिली, हे तलाठ्याला कळू शकतं. आयुक्तांना कळणं शक्य नाही. पण वारसनोंदीला कोणती कागदपत्रं मागायची याचा नियम प्रत्येक तलाठ्याने आपापला केला, तर एका गावातल्या बहिणीचं नाव लागेल आणि शेजारच्या गावातलं लागणार नाही. म्हणून वस्तुस्थिती खालून वर जाते आणि नियम वरून खाली येतो. दोन्ही जिथे भेटतात त्या पायरीवर निर्णय व्हावा, अशी कल्पना आहे. कागदावर तरी.

लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा

आता प्रत्यक्ष नोंद कशी होते ते पाहू. सगळा कारभार ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ या कायद्याने चालतो.

जमिनीत कुणाला नवा हक्क मिळाला, वारसाने, खरेदीने किंवा वाटणीने, की त्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं कलम १४९ सांगतं. खरेदीखत नोंदलेलं असेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाकडून माहिती येते. तलाठी ती गाव नमुना ६ मध्ये लिहितो. हीच फेरफार नोंदवही. मग चावडीवर नोटीस लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस पाठवायची आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं. हरकत आली तर ती वेगळ्या, तक्रारीच्या नोंदवहीत जाते. यातल्या बऱ्याच गोष्टी आता ई-फेरफार प्रणालीत संगणकावर होतात, पण क्रम तोच.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. तलाठी नोंद लिहू शकतो, मंजूर करू शकत नाही. मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार अव्वल कारकुनापेक्षा कमी नसलेल्या महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे सहसा सर्कलना. नोंद ‘प्रमाणित’ झाल्यावरच ती सातबाऱ्यावर चढते. तेव्हा ‘भाऊसाहेब आमचं नाव लावत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या दारात केलेली असते. भाऊसाहेबांनी नोंद धरलीच नसेल तर तक्रार त्यांच्याविरुद्ध. धरली असेल आणि मंजुरी अडली असेल, तर प्रश्न सर्कलना विचारायचा.

हे मुद्दाम असं केलं आहे. गावात राहणाऱ्या, सगळ्यांशी उठबस असलेल्या माणसाच्या एकट्याच्या हाती लेखणी आणि शिक्का दोन्ही दिले, तर एका रात्रीत कुणाचंही नाव उडवता येईल. दोन वेगळे हात लागले की गैरप्रकार अशक्य होत नाही (दोघं मिळूनही खाऊ शकतात, खातातही), पण त्याला दोन सह्यांचा माग राहतो. बँकेत मोठी रक्कम देताना रोखपालाच्या वर आणखी एक सही लागते ती याच कारणाने.

‘वरून आदेश आहे’ म्हणजे काय?

टपरीवरच्या सल्ल्याकडे वळू. थेट कलेक्टरने फोन केला तर सर्कलने नोंद मंजूर करायला नको का?

इथे निर्णयांचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. पहिला प्रकार प्रशासकीय: कुणाची ड्यूटी कुठे लावायची, कॅम्प कधी घ्यायचा, मोहीम किती दिवसांत संपवायची. यात वरिष्ठाने सांगायचं आणि कनिष्ठाने करायचं. दुसरा प्रकार अर्धन्यायिक. म्हणजे न्यायालय नसलेल्या अधिकाऱ्याने, दोन्ही बाजू ऐकून, कायद्याने त्यालाच दिलेला अधिकार वापरून केलेला निवाडा. हरकत आलेल्या फेरफाराचा निर्णय या प्रकारात मोडतो. त्यात वरिष्ठही खालच्या अधिकाऱ्याचा हात धरून लिहवून घेऊ शकत नाही.

हे तत्त्व आपल्याकडे पक्कं झालं ते मुंबईतल्याच एका खटल्यात. गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीत चित्रपटगृह बांधायचं होतं. १९४७ मध्ये पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली. त्याच वर्षी त्यांच्या हाती आयुक्तांचं दुसरं पत्र पडलं. सरकारच्या सूचनेवरून कळवण्यात येतं की तुमची परवानगी रद्द केली आहे, असा त्याचा आशय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने पाहिलं, नियमाने परवानगी देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार कुणाला दिला आहे? पोलीस आयुक्तांना. मग सरकार आयुक्तांपेक्षा कितीही वरचं असलं, तरी हा निर्णय सरकारचा नव्हताच. आयुक्तांनी स्वतः विचार करून परवानगी रद्द केली असती तर गोष्ट वेगळी. ‘वरून आलं म्हणून कळवतो’ याला न्यायालयाने निर्णयच मानलं नाही. नंतर आयुक्तांनी ‘तो माझाच निर्णय होता’ असा खुलासा केला, तोही चालला नाही. आदेश जसा लिहिला आहे तसाच वाचायचा.

सत्तर वर्षांहून जुन्या या निकालाचा दाखला आजही दिला जातो, कारण ‘वरून’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. उतरंड म्हणजे सगळी सत्ता शेंड्याला गोळा झालेली आणि खाली नुसते हरकामे, असं आपण धरून चालतो. कायद्याने केलेली रचना तशी नाही. तिथे प्रत्येक पायरीला थोडी सत्ता स्वतःच्या नावाने मिळालेली असते आणि तेवढ्यापुरता तिथला अधिकारी मालक असतो.

उलटी गंमत पाहायची असेल तर कुठलाही शासन निर्णय, म्हणजे जीआर, काढून शेवटची ओळ वाचा. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असतं आणि खाली सही असते एखाद्या अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे सरकारची प्रत्येक कृती राज्यपालांच्या नावाने होते आणि त्याच अनुच्छेदाखालच्या कार्यनियमावलीत ठरतं की कोणता विषय मंत्रिमंडळाकडे जायचा, कोणता मंत्र्याकडे संपायचा आणि कोणता सचिवाच्या पातळीवर. नाव सगळ्यात वरच्याचं, निर्णय मधल्या कुणाचा, सही त्याहून खालच्याची. तीन वेगळ्या गोष्टी, आणि आपण बहुतेक वेळा भांडतो सही करणाऱ्याशी.

मग वर जायचं ते कधी आणि कसं?

वरच्या पायरीला खालचा निर्णय बदलता येतो. मात्र निर्णय झाल्यावर, अपील आल्यावर, दोघांना ऐकून आणि कारणं लिहून.

सर्कलच्या किंवा तहसीलदारांच्या आदेशावर पहिलं अपील प्रांतांकडे जातं. लोक इथे हमखास चुकतात. सर्कलच्या वरची पायरी तहसीलदार, म्हणून फेरफाराविरुद्धचा अर्ज तहसीलदारांकडे देतात आणि महिनोन्‌महिने वाट बघत बसतात. रोजच्या कामात तहसीलदार सर्कलचे साहेब आहेत हे खरं, पण संहितेच्या कलम २४७ मधली अपिलाची वाट उपविभागात प्रांतांकडेच जाते. तहसीलदारांकडे जायचं ते कलम १५५ साठी, म्हणजे लेखनातली चूक दुरुस्त करायला: नाव चुकीचं पडलं, क्षेत्राचा आकडा उलटसुलट झाला. हक्काचाच वाद असेल तर तो या कलमात बसत नाही.

प्रांतांच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथे पुष्कळदा अपर जिल्हाधिकारी सुनावणी घेतात. त्याच्या पुढे विभागीय आयुक्तांची पायरी. आणि कलम २५७ खाली शासनाला स्वतः प्रकरण मागवून तपासता येतं, म्हणून महसूलमंत्र्यांसमोर जमिनीच्या सुनावण्या चाललेल्या आपण वाचतो. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाला मुदत ६० दिवस आहे, बाकीच्यांवर ९० दिवस. उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण ‘साहेबांना भेटत होतो’ हे सबळ कारण नाही.

म्हणूनच आमदारांचं पत्र घेऊन कलेक्टरांना भेटण्यात एक तोटा आहे, जो टपरीवर कुणी सांगत नाही. निवेदन म्हणजे अपील नव्हे. निवेदनावर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो, ते फिरून त्याच सर्कलच्या टेबलावर येतं आणि तिकडे साठ दिवस सरत असतात. पत्राने काम होत नाही असं मी म्हणत नाही. अडून बसलेली नोंद हलवायला त्याचा उपयोग होतो. नामंजूर झालेली नोंद फिरवायला होत नाही.

ही उतरंड आणि ती उतरंड

‘साहेब, वरचा-खालचा हे सगळं एकच आहे, आधी जातीने होतं, आता पदाने,’ असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही, कारण गावातली सत्ता खरोखरच जातीला आणि जन्माला बांधलेली होती आणि तेही फार जुनं नाही.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, महार ही गावगाड्यातली आणि परगण्यातली वतनं होती. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारं पद आणि त्यासोबत येणारी जमीन किंवा हक्क. गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असे. जमीन कुणाच्या नावावर याचा पुरावा एका कुटुंबाच्या माळ्यावर, असा तो मामला. आणि उतरंडीच्या तळाला महार वतन: ‘हक्क’ नावाला, राबणं चोवीस तासांचं. १८७४च्या मुंबई वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने ब्रिटिशांनी ही रचना मोडली नाही, बांधून काढली. त्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. स्वातंत्र्यानंतर एकेक पायरी कायद्याने काढली गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने, महार वतनासारखी कनिष्ठ मानलेली वतनं १९५८च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२च्या.

त्यांच्या जागी आला बदली होणारा, पगार घेणारा, परीक्षा देऊन लागणारा तलाठी. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी सत्तेचे जे प्रकार सांगितले त्यात परंपरेने चालत आलेली सत्ता आणि नियमाने मिळालेली सत्ता यांच्यात त्यांनी जी रेघ ओढली, ती महाराष्ट्राच्या गावात या वर्षांमध्ये दिसते. अधिकार माणसाकडून खुर्चीकडे गेला. बदली झाली की दप्तर पुढच्याकडे सोपवायचं. आदेश चुकला तर अपील करायचं. कुलकर्ण्याच्या वहीवर गावच्या रयतेने असं अपील कुठे करायचं होतं? बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध असमानता म्हणत, तिच्यात वरच्याला प्रश्न विचारण्याची सोयच नसते. प्रत्येक पायरीला खालची पायरी तुडवायला मिळते आणि त्या समाधानात ती गप्प राहते. पदांच्या उतरंडीत वर चढायची वाट परीक्षेतून आहे आणि वरच्याला जाब विचारायची वाट कायद्यातून.

पण सवयी सावकाश मरतात. तहसील कार्यालयात साहेबांच्या समोर खुर्ची रिकामी असूनही शेतकरी उभा असतो, ते कुठल्या कलमात लिहिलेलं आहे? कुठल्याच नाही. पदाच्या उतरंडीला जुन्या उतरंडीचा रंग चढतो तो असा. त्या जुन्या उतरंडीशी भांडायचं असेल तर नियमांची उतरंड उपयोगी पडते. ती मोडली तर ज्याच्यापुढे मान खाली घालायची तो माणूस उरतोच, फक्त त्याच्यावर अपील उरत नाही.

पायऱ्या कमी केल्या तर? सगळं ऑनलाइन केलं तर?

काही ठिकाणी कमी करता येतात आणि कराव्यातही. ई-हक्क प्रणालीतून वारसनोंदीचा अर्ज घरबसल्या करता येतो. त्यामुळे ‘तुमचा अर्ज मिळालाच नाही’ हे उत्तर बंद झालं, आणि ही छोटी गोष्ट नाही. पण दोन बहिणी म्हणतात आमचं नाव वगळलं आणि भाऊ म्हणतो त्यांनी हक्कसोड केली आहे, तेव्हा संगणक काय करणार? तिथे कुणीतरी दोघांना समोर बसवून ऐकायलाच लागतं. संगणकाने अर्जाचा प्रवास छोटा होतो, निर्णय घेणारा माणूस सुटत नाही.

माझं स्वतःचं मत असं की आपल्या कारभाराचा खरा आजार पायऱ्यांची संख्या हा नाही. ज्या पायरीला अधिकार आहे तिने तो न वापरणं, हा आहे. निर्णय घेतला आणि चुकला तर चौकशी. घेतलाच नाही तर काहीच नाही. मग शहाणा अधिकारी काय करील? ‘मार्गदर्शन मागवलं आहे’ असं लिहून फाइल वर ढकलेल. वरचा ‘अहवाल सादर करावा’ म्हणून खाली पाठवेल. कायद्याने जो निर्णय तहसीलला व्हायचा, तो अशा रीतीने मंत्रालयापर्यंत चढतो आणि त्याची जबाबदारी मात्र प्रत्येक मुक्कामाला पातळ होत जाते.

यावर इलाज म्हणून राज्याने कायदे केले आहेत. बदल्यांचं विनियमन आणि कामातला विलंब रोखणं यासाठीचा २००५चा कायदा सांगतो की कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. मुद्दाम किंवा वारंवार दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने आणखी एक पाऊल टाकलं. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली, प्रत्येक सेवेला एक पदनिर्देशित अधिकारी दिला, त्याच्यावर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर दंड ५०० ते ५,००० रुपये, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. माहिती अधिकाराची रचनाही अशीच: माहिती अधिकारी, त्याच कार्यालयातले वरिष्ठ म्हणून पहिले अपिलीय अधिकारी आणि मग आयोग.

या कायद्यांनी पायऱ्या काढल्या नाहीत, उलट वाढवल्याच. पण ‘निर्णय कुणाचा’ हे आधीच लिहून ठेवलं आणि न घेतलेल्या निर्णयालाही किंमत लावली. पाच हजारांचा दंड आजच्या काळात किती टोचतो हा वेगळा प्रश्न. माझ्या मते फारसा नाही.

आणि खरोखरची घाई असेल तर? पूर आला, दरड कोसळली, तेव्हा टिप्पणी-शेरा-मान्यता असा खेळ चालत नाही. म्हणून आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्ष केलं आणि गाड्या, इमारती, साधनं ताब्यात घेण्यापर्यंतचे अधिकार जिल्ह्याच्या पातळीवर दिले. म्हणजे पायऱ्या ओलांडायची सोयही कायद्यानेच, आधी ठरवून. हे अधिकार रोजच्यासाठी का नाहीत, असं कुणी विचारलं तर सातबाऱ्याकडे बोट दाखवावं. पूर ओसरल्यावर परत देता येते ती ट्रॅक्टर-ट्रॉली. घाईत उडवलेलं नाव परत लावायला पिढी जाते.

एकच एकर, चार उतरंडी

आतापर्यंत आपण एकाच उतरंडीबद्दल बोललो. प्रत्यक्षात तुमच्या एका एकरावर किमान चार उभ्या आहेत, आणि माझ्या पाहण्यात माणसं सर्वांत जास्त गोंधळतात ती इथेच.

खरेदीखत नोंदवतात दुय्यम निबंधक. त्यांचे वरिष्ठ जिल्हा निबंधक आणि पुण्यातले नोंदणी महानिरीक्षक. जमीन मोजतं भूमी अभिलेख खातं: तालुक्याला उपअधीक्षक, जिल्ह्याला अधीक्षक, वर पुण्यात जमाबंदी आयुक्त. सातबारा तलाठ्याकडे. आणि त्याच जमिनीशेजारच्या गावठाणातल्या घराचा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीकडे, म्हणजे ग्रामसेवक, गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी या १ मे १९६२ पासून चालत आलेल्या वेगळ्याच साखळीत. तहसीलदार ग्रामसेवकाचे साहेब नाहीत. मोजणीदार प्रांतांच्या हाताखाली नाही. पहिल्या तीन साखळ्या एकत्र येतात त्या थेट मंत्रालयात, महसूल व वन विभागात. चौथी तिथेही नाही, तिचा विभाग ग्रामविकास.

अतिवृष्टीत पीक गेलं की बांधावर पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र उभे राहतात. तिघांच्या सह्या एका कागदावर येतात, पण तिघांचे साहेब तीन. एकाने सही अडवली, तर दुसऱ्याच्या साहेबाकडे तक्रार करून काही होत नाही. कोण कुणाच्या साखळीत आहे हे माहीत असेल तर एका फेरीत काम होतं, नसेल तर तिन्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजतात.

आणि एक प्रश्न असा आहे जो या चारपैकी एकाही उतरंडीत सुटत नाही. जमीन खरी कुणाची? फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि नोंद रद्द झाल्याने जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितलं आहे. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. महसूल अधिकारी सारा कुणाकडून घ्यायचा हे ठरवतो. हक्क ठरवतं दिवाणी न्यायालय. तेव्हा बहिणीने हक्कसोड केली होती की नव्हती, सही खरी की खोटी, मृत्युपत्र चालेल की नाही, असल्या वादासाठी सर्कलपासून मंत्र्यांपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चढलात, तरी शेवटी तालुक्याच्या कोर्टात, दिवाणी न्यायाधीशांपुढे, दावा दाखल करावाच लागतो.